मुरुमचं काम

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या साईटवर गवंड्यांनी पौर्णिमा मॅडमचं नाव 'चिमटा' ठेवलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यासुद्धा ती परत जमा करून घ्यायची. सळईचे वीतभर तुकडे भंगारात जाऊ देत नसे, त्यातून वाकतील तेवढ्या रिंगा वाकवून घ्यायची. वाळूचा ट्रक आला की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत ही टेप घेऊन हौद्यात चढलेली असायची. विटा उतरवताना कुणी फेकल्या तर तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा.

एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम होतं. ठेकेदार रणधीरभाऊंनी ते ठरलेल्या रकमेवर उचललं आणि उचलल्यावर थोड्याच दिवसांत लोखंडाचा भाव चढला. चढलेला भाव बाकीच्या कामातून वाचवून काढायचा, ही जबाबदारी साईटची सुपरवायझर म्हणून पौर्णिमाच्या गळ्यात पडली. तिनं ती तक्रार न करता घेतली. त्याला कारण होतं. काम सुरू होतानाच रणधीरभाऊ म्हणाले होते, "मॅडम, वाशीचं अंदाजात बसवून द्या. मुरुमला व्यापाऱ्यांच्या गोदामांचं काम येतंय. ते तुमचं."

मुरुमला तिचं घर होतं, आणि घरात मैत्री होती.

मैत्री तिची मुलगी, तीन वर्षांची. नवरा धम्मपाल चाकणला कंपनीत, शिफ्ट मिळेल तसा यायचा. पौर्णिमानं सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. घरी बसणं परवडणारं नव्हतं आणि तिला बसायचंही नव्हतं. मैत्री अंगावरचं दूध सोडून वरणभाताला लागली तशी ही नोकरी धरली, आणि पोरगी सासू-सासऱ्यांजवळ राहिली. जिल्हा एकच, पण वाशी या टोकाला तर मुरुम त्या टोकाला. येरमाळा, धाराशिव, नळदुर्ग अशा एसट्या बदलत शनिवारी घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची. रविवारी सकाळी जरा ओळख पटून ती मांडीवर येऊन बसेपर्यंत परतीच्या गाडीची वेळ व्हायची. तेही पंधरवड्यातून एकदा.

म्हणून वाचलेल्या गोणीगणिक मुरुम थोडं अलीकडं सरकल्यासारखं पौर्णिमाला वाटायचं. ती कुणाला बोलत नसे. पण ट्रकमधली वाळू कमी भरली म्हणून ड्रायव्हरशी भांडताना तिच्या आवाजाला जी धार यायची, ती वाळूपायी नव्हती.

संध्याकाळी काम सुटलं की सासूबाईंचा, बनाबाईंचा, फोन यायचा. बनाबाईला मोबाईल धरता येत नसे. पडद्यावर बहुतेक वेळा छतच दिसायचं. मग त्यात अर्धा गाल, एक डोळा, बुचड्याचं टोक असं करत मैत्री यायची.

"मैत्री, जेवलीस का?"

"मायनं भाकर दिली. दुधात."

माय म्हणजे बनाबाई. धम्मपाल आईला माय म्हणायचा, त्याचं ऐकून पोरगीही म्हणू लागली. पौर्णिमा मम्मी होती. सासऱ्यांनी, आबारावांनी, एकदा मजेत विचारलं, "मम्मी कुठं हाय गं तुझी?" तर पोरगीनं फडताळावर ठेवलेल्या फोनकडं बोट दाखवलं. आबारावांनी हसत हसत ते पौर्णिमाला सांगितलं. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती सिमेंटच्या खोलीत जाऊन उगीचच गोण्यांची थप्पी नीट करत राहिली.

प्लास्टर सुरू झालं त्या आठवड्यात कमलबाई कामावर परत आली. तिचा नवरा बलभीम इथंच माल कालवायला होता. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती, आता काखेत लेकरू घेऊन आली. मुलगा होता, गोरटेला, डोकं अजून नीट न धरणारा. तळमजल्यावर जिन्याखाली सावली होती, तिथं तिनं दोन बल्ल्यांना लुगड्याची झोळी बांधली आणि घमेलं उचललं.

लेकरू झोपलेलं असलं की कमल इतर बायांच्या बरोबरीनं चालायची. पण ते रडलं की चालता चालता तिची मान तिकडं वळायची, घमेलं आहे तिथं टेकायची आणि ती जिन्याखाली जाऊन बसायची. वरून गुंडाप्पा मिस्त्री ओरडायचे, "माल आणा रे, थापी वाळली." गुंडाप्पा आळंदच्या बाजूचे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे, ते असं ओरडले की सगळ्यांनाच कळायचं की काम थांबलंय.

पौर्णिमा हे बघत होती. आणखीही एक गोष्ट होत होती, ती तिच्या उशिरा ध्यानात आली. दिवसातून कितीदा तरी तिचा फेरा जिन्यापाशीच जायचा. झोळीला जाता जाता बोट लावलं की झोळी हलायची. आत ते लेकरू मुठी आवळून, तोंड उघडं टाकून झोपलेलं. मैत्री अशी झोपायची का? पौर्णिमा आठवून बघायची आणि तिला नेमकं आठवायचं नाही. त्या दिवसांत ती नोकरीचे अर्ज करण्यात गुंतलेली होती.

महिनाअखेरीला रणधीरभाऊ आले. बुलेट लावून सगळे मजले फिरले, भिंतींवर तळहात फिरवला, खूश झाले. मग जिन्याखाली कमलला बसलेली बघितलं आणि बाहेर आले.

"मॅडम, मुरुमचं काम आपल्याला लागलं," ते म्हणाले.

पौर्णिमानं हातातली टेप गुंडाळून घेतली. ती नुसतं "बरं" म्हणाली.

"आता इथलं प्लास्टर हातातून जाऊ देऊ नका. मजुरी अंदाजाच्या वर चाललीय. ती बाई अर्धा वेळ बसून असती. हजेरी पूर्ण लागती का तिची?"

"लागती."

"मग कसं व्हायचं? लेकराबाळाचं मला कळतंय, मला पण हाईत. पण सोय आपण कुठं कुठं बघायची? तुम्हीच ठरवा. तुमच्या हातात दिलंय."

ते गेल्यावर पौर्णिमा बराच वेळ जिन्याकडं गेलीच नाही. काम सुटताना तिनं कमलला बाजूला बोलावलं.

"कमलबाई, उद्यापासनं तुम्ही येऊ नका. लेकरू जरा मोठं झालं की बघू. बलभीमचं काम हाय तसं राहील."

कमलनं वाद घातला नाही. झोळीच्या गाठी सोडल्या, लुगडं झटकून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं लेकरू केवढं हाय?"

"तीन वर्षांचं."

"कुणापाशी असतंय?"

"सासूबाईंपाशी. मुरुमला."

"मंग बरं हाय," कमल म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं, आणि म्हणूनच ते पौर्णिमाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर जोरात झालं. गुंडाप्पांना एकदाही ओरडावं लागलं नाही. पौर्णिमा सवयीनं जिन्यापाशी गेली. दोन बल्ल्या तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये काही नव्हतं. ती तिथं थांबली आणि तिला एकदम मुरुमच्या घरातली सकाळ दिसली. ओट्यापाशी बनाबाई भाकरी थापतेय, तिच्या पाठीला टेकून मैत्री बसलीय, बनाबाई पुढं वाकली की पोरगी पण वाकतेय. ते दृश्य तिनं एकदाच, दारात चपला काढताना पाहिलं होतं. तिला बघून पोरगी पाठीमागं लपली होती.

दुपारी तिनं बघितलं की भिंतींना पाणी मारायला बलभीमला माल कालवायचं सोडून वर जावं लागलं. तोवर खाली माल थांबला. हे रोजच व्हायचं. भिंत ओली ठेवायचं काम कुणा एकाचं नसल्यानं ते सगळ्यांचंच होऊन बसलं होतं. ती आजवर त्याच्यासाठी माणसांवर चिडत आली होती. आज तिला वाटलं, चिडून काय उपयोग, हे काम लावूनच दिलं नाही आपण.

संध्याकाळी ती साईटमागच्या पत्र्याच्या खोल्यांकडं गेली. कमल चुलीपुढं होती, बाजूला बोचकं बांधून ठेवलेलं.

"कुठं निघालात?"

"गावाकडं. हितं बसून काय करू?"

"पाण्याची नळी धरायची. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्या भिंती तुमच्याकडं. दिवसभर त्या वाळल्या न्हाई पाहिजेत. घमेलं उचलायचं न्हाई. लेकरू रडलं तर नळी भिंतीला लावून बसा. हजेरी पूर्ण."

कमलनं लाकूड आत सारलं. "परत काढून टाकायचं असंल तर आत्ताच सांगा, मॅडम. बोचकं सोडायचं न् बांधायचं, लई तरास हुतो."

"न्हाई काढणार. मी बोलते भाऊंना."

ती बोललीही, फोनवर, त्याच रात्री. माल कालवणारा माणूस जागचा हलत नसेल तर गवंडी रिकामा बसत नाही, एवढंच तिनं सांगितलं. रणधीरभाऊ म्हणाले, "आठ दिवस बघू." आठ दिवसांनी त्यांनी विषय काढला नाही. प्लास्टर संपलं, मजुरी अंदाजाच्या थोडी खाली उतरली. भिंतींना एक चीरसुद्धा गेली नाही. रंगारी आले. वसतिगृहाच्या खिडक्यांना जाळ्या लागल्या.

पौर्णिमानं खोलीवर आपल्या बॅगेत मुरुमला न्यायच्या वस्तू टाकायला सुरुवात केली. वाशीच्या बाजारातून मैत्रीसाठी लाल सँडल घेतले. माप अंदाजानं घेतलं. दुकानदारानं वय विचारलं तर तिनं हातानं उंची दाखवली आणि मग हात जरा वर नेला.

रणधीरभाऊ शेवटचं बघायला आले तेव्हा त्यांनी तिला चहा सांगितला. हॉटेलच्या बाकावर बसल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं काम आजवर माझ्याकडं कुणी केलं न्हाई. खरं सांगतो."

ती वाट बघत होती.

"म्हणून अडचण झालीय. भूमचं माझं काम पार हाताबाहेर गेलंय. शाळेची इमारत. माल कुठं जातोय कळंना. मला तिथं तुम्ही पाहिजेत. मुरुमला राजपालला पाठवतो."

राजपाल तिच्या मागून लागलेला पोरगा, कामाला बरा. त्यात त्याचा दोष नव्हता.

"भाऊ, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडतोय, ते पण तोंडावर सांगतोय. भूम बुडालं तर मुरुमला घालायला माझ्याकडं राहणार काय? तिथलं सावरलं की तुम्ही म्हणाल तिथं देतो."

पौर्णिमानं कपातल्या चहाकडं बघितलं. इतके महिने तिनं सळईचा तुकडा वाया जाऊ दिला नव्हता, आणि त्याच गुणापायी ती घरापासून लांब राहणार होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण रडू आलं नाही. तिला झोळी आठवली. कमल काही मुरुमची वाट बघत बसली नव्हती. जिथं काम तिथं तिनं लेकरू आणलं होतं.

"मी भूमला जाते," ती म्हणाली. "पण मुलीला घेऊन जाणार. साईटला लागून पक्की खोली द्या, पाण्याची सोय असलेली. पुढं जाळीचं कुंपण. आणि इथं घमेली वाहणाऱ्या प्रेमाबाईला तिथं घ्या. तिचे गुडघे गेलेत, परांचीवर चढता येत न्हाई, पण पोरं सांभाळील. माझी, कमलची, जेवढ्या बायका लेकरं घेऊन येतील त्यांची."

"म्हणजे बालवाडी काढता का साईटवर?"

"तिचा रोज कामाच्या खर्चात धरा. बाया मध्येच काम सोडून पळणार न्हाईत, त्यात तो निघतो. न्हाई निघाला तर मला बोला."

रणधीरभाऊंनी रिकामा कप बाकावर ठेवला. मग हसले. "माझ्याच चिमट्यानं मला धरताय की."

म्हणजे त्यांनाही ते नाव ठाऊक होतं.

मुरुमला ती रविवारी पोचली. बनाबाई मैत्रीला घेऊन विहारातून नुकतीच आली होती. पोरगी पांढऱ्या फ्रॉकात, हात जोडून आबारावांना वंदना म्हणून दाखवत होती, अर्धे शब्द गिळत. पौर्णिमाला बघून ती मधेच थांबली.

"म्हण की," पौर्णिमा म्हणाली.

पोरगीनं मान हलवली आणि बनाबाईचा पदर धरला.

सगळं ऐकून घेईपर्यंत बनाबाई तांदूळ निवडत होती. शेवटी पौर्णिमा म्हणाली, "आत्या, तुम्ही न्हाई म्हणालात तर मी नेणार न्हाई."

"म्या कशाला न्हाय म्हणू? लेकरू तुझं हाय." बनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "धम्मपाल लहान व्हता तवा म्या दुसऱ्याच्या रानात कामाला जायची. त्याला बांधावर ठिवायची. एक डाव मुंग्या लागल्या त्याला. तवा वाटायचं, घरी सांभाळाया कुणी असतं तर बरं झालं असतं. म्हणून हिला म्या ठिवून घेतलं. तुला मोकळं जाता यावं म्हणून."

"मला ठाऊक हाय, आत्या."

"मोकळं कुणी जात नसतंय," बनाबाई म्हणाली. "ते मला बी ठाऊक व्हतं."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. आबाराव पौर्णिमाकडं न बघता म्हणाले, "जरा येळ द्या तिला." आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. बनाबाई मैत्रीचे फ्रॉक घड्या घालून घेऊन आली. त्यावर तिचं स्वतःचं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं होतं. "झोपताना लागतंय तिला हे. न्हाय तर झोपत न्हाय," एवढं सांगून ती स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी तिनं गव्हाची खीर केली आणि मैत्रीला तिनंच भरवली. पौर्णिमा समोर बसून बघत राहिली. मधे हात घालावासा तिला वाटला नाही.

भूमचे पहिले दिवस वाईट गेले. लाल सँडल लहान झाले. पोरगी पौर्णिमाच्या हातचं जेवेना. "मायकडं जायचं," एवढंच. प्रेमाबाई तिला कडेवर घेऊन कुंपणाच्या आत फिरायची, बलभीमबरोबर तिथं आलेल्या कमलचं बाळ दाखवायची, वाळूत घर करून द्यायची. पौर्णिमा मालाचा हिशोब लावत होती, ट्रक तपासत होती, कुठून काय गळतंय ते एकेक करून बुजवत होती. आणि मधल्या वेळात कुंपणापाशी येऊन उभी राहत होती. पोरगी तिला बघायची आणि पाठ फिरवायची. आता दोघींमध्ये जिल्हा नव्हता, नुसती जाळी होती. तरीही जाळीतून बोट घातलं तर ते कुणी धरत नव्हतं. पौर्णिमाला वाटायचं, वाशीत होते तेव्हा निदान मुरुमची वाट तरी बघता येत होती.

कामावर माणसांना वळण लावता येतं. इथं काही लावून देता येत नाही, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. ती नुसती येत राहिली.

एका दुपारी जेवणाची सुट्टी झाली. माणसं सावलीला आडवी झाली होती. पौर्णिमा खोलीच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खात होती. मैत्री लुगडं ओढत आली आणि थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"मम्मी, माय कवा येणार?"

"माय न्हाई येणार. आबांना जेवायला कोण घालणार? आपण जाऊ तिच्याकडं, पुढच्या ऐतवारी."

"आज का न्हाई?"

"आज वर स्लॅबचं काम चाललंय. मी गेले तर माणसं थांबतील."

पोरगीनं अर्धवट इमारतीकडं मान वर करून बघितलं. तिला काय समजलं कोण जाणे. "मला माय पाहिजे," ती म्हणाली. पण या वेळी ती रडली नाही.

"मला पण पाहिजे," पौर्णिमा म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की ते खरंच आहे.

मैत्री जवळ येऊन बसली. पौर्णिमानं भाकरीचा तुकडा कोरड्यासात बुडवून पुढं केला. पोरगीनं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि तोंडात टाकला. वरून कुणीतरी मॅडमला हाक मारली. पौर्णिमा उठली नाही. "आले," म्हणून तिनं तिथूनच सांगितलं आणि दुसरा तुकडा मोडला.